टाकीचा दुसरा डोळा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तेही गळ्यात हार असताना, माईकवरून, स्वतःच्या सत्कारात. पेपरात फोटोसकट आलंय. "जुन्या पाण्याच्या टाकीबाबतचा निर्णय मी केवळ तांत्रिक अहवालावर घेतला. तो कुठल्याशा कादंबरीमुळे झाला ही दंतकथा आहे. असल्या बालिश गोष्टींवर प्रशासन चालत नसतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या असं खाली लिहिलंय.

तुमचं नाव मी लिहीत नाही. गावाचंही लिहीत नाही. अब्रूनुकसानीचा दावा वगैरे भानगड मला परवडत नाही म्हणून नव्हे. तुमचं नाव लिहिलं की लोक तुमच्या जातीत, पक्षात आणि बढतीत शिरतील, आणि मला विचारायचं आहे ते बाजूला राहील.

तर तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत तिथून सुरू करते.

गणपती तोंडावर आले होते. शिपाई आमच्या मूर्तींच्या कारखान्यात येऊन म्हणाला, मुख्याधिकारी साहेबांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय. मी हातातला ब्रश धुतला आणि तशीच आले. नखांत काळा रंग होता, तो तुम्ही दोनदा बघितलात. टेबलावर माझी कादंबरी होती, 'दुसरा डोळा'. कोरी करकरीत. वाचलेल्या पुस्तकाचा कणा मोडलेला असतो, ते टेबलावर ठेवलं की थोडं उघडं राहतं. हे पुस्तक दातखीळ बसल्यासारखं मिटलेलं होतं.

"तुम्हीच अनुसया कुंभार?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"मला वाटलं कुणी प्राध्यापिका असतील."

"नववीपर्यंत शाळेत गेले. पुढचं वाचनालयात."

तुम्ही हसलात. वाईट हसला नाहीत, ते मी मान्य करते. मग म्हणालात, कादंबरीत आहे काय ते थोडक्यात सांगा, मला वेळ कमी असतो. मी सांगितलं. तेव्हा तुमचं लक्ष फोनकडे होतं, म्हणून इथे परत सांगते.

'दुसरा डोळा'त एक शहर आहे. तिथले पूल, सिग्नल, बंद पडलेलं थिएटर, बँक, मुतारी, सगळ्यांना जीव आहे. पण सगळे झोपलेले. तुळसा नावाची मूर्तिकाराची मुलगी त्यांना डोळे काढते आणि ते जागे होतात. मात्र तिला एकच डोळा काढता येतो. दुसरा, ती वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याने स्वतःच्या हाताने काढायचा. तो निघाला की त्या वस्तूला जे दिसतं ते त्या माणसाला दिसायला लागतं. जेवताना दिसतं, झोपेत दिसतं, बायकोशी बोलताना दिसतं. कादंबरीतला एक बिल्डर फसून उड्डाणपुलाचा दुसरा डोळा काढतो आणि त्या रात्रीपासून त्याला पुलाखाली राहणाऱ्या बाईचा तवा दिसत राहतो. रिकामा तवा. बास, एवढीच जादू. तलवारी नाहीत, राक्षस नाहीत.

ही जादू मी कुठून आणली असं लोक विचारतात. आमच्या कारखान्यातून आणली. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. तोवर ती माती असते. माणसं तिच्यावर कोपर टेकून चहा पितात, तिच्यासमोर घाणेरडे विनोद सांगतात. डोळ्यांची आखणी झाली की तीच माणसं आवाज खाली आणतात आणि चहा बाहेर नेऊन पितात. मी आयुष्यभर ती आखणी केली. कुठल्याही साहित्य मंडळाच्या अध्यक्षापेक्षा मला हे जास्त कळतं की दोन रेषांनी माणूस कसा बदलतो.

कादंबरी छापून आली तेव्हा जिल्ह्यातल्या एका मोठ्या समीक्षकाने लिहिलं, जादूची पुस्तकं मुलांसाठी असतात, बाईंनी वास्तवाकडे यावं. मी त्यांना उलट विचारलं की वास्तव तुमच्या कॉलनीत कुठल्या नंबरला राहतं, पत्ता द्या, येते. त्यांनी पुन्हा माझ्यावर लिहिलं नाही.

पण वाचक. वाचकांचं काय सांगू. आमच्या नगर वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने शेरे लिहायची जुनी खोड आहे. ग्रंथपाल मगदूम सर खोडरबर घेऊन मागे लागायचे, पण माझ्या पुस्तकाचं शेवटचं पान त्यांनी खोडलं नाही. वर कुणीतरी लिहिलं होतं, "भिकार." खाली दुसऱ्या अक्षरात, "भिकार तू." त्याखाली, "तुळसाचं लग्न दाखवायला हवं होतं." त्याखाली, "कशाला? तुझ्याशी?" कुणी लिहिलं होतं की लेखिकेला पुलाचं काही कळत नाही, तुळईला तडा असा जात नाही. एकाने नाव घातलं होतं, "तव्याच्या प्रकरणाला गाडी थांबवून रडलो. दस्तगीर मुल्ला, एस.टी. कंडक्टर." मगदूम सर म्हणाले, अहो, गाडी ड्रायव्हर थांबवतो. दस्तगीरभाईंना विचारलं तर म्हणाले, घंटी कोण मारतो?

आणि मग डोळे निघायला लागले.

पहिला कुंभार गल्लीच्या तोंडाशी, झाकण नसलेल्या गटाराच्या कठड्यावर निघाला. एकच डोळा, काळ्या ऑइलपेंटने. शेजारी दुसऱ्या डोळ्याची जागा मोकळी सोडलेली. मग बंद दिव्याच्या खांबावर. सरकारी दवाखान्यातल्या कायम कुलूपबंद एक्स-रे खोलीच्या दारावर. बायकांच्या मुतारीच्या भिंतीवर, जिला आडोसाच नव्हता. मी एकही काढलेला नाही. शपथेवर सांगते, कारण ते सगळे वाईट काढलेले होते. बुबुळं कलती, पापण्या झाडूसारख्या. पण मी ते बघत गावातून चालायची तेव्हा माझी मान आपोआप वर व्हायची. ज्यांनी काढले त्यांनी कुणी माझी परवानगी मागितली नाही, आणि मला त्याचाच अभिमान वाटत होता.

गावाला नियम कळला होता. पहिला डोळा आमचा, दुसरा नगरपालिकेचा. चहाच्या गाड्यांवर लोक विचारायचे, साहेब कधी काढणार दुसरा?

त्यातला सगळ्यात मोठा डोळा टाकीवर होता. त्याच्यासाठीच तुम्ही मला बोलावलं होतंत.

पेठेतली जुनी टाकी खांबांवर उभी होती आणि तिच्या पोटाखाली पत्र्याची अंगणवाडी. जागा नव्हती म्हणून कधीकाळी तिथे सुरू केलेली, ती तिथेच राहिली. टाकीचे पोपडे पडायचे. खांबांतल्या सळ्या गंजून बाहेर आल्या होत्या. पत्र्यावर काही पडलं की आतली पोरं एकदम गप्प व्हायची, मग मालन म्हणायची, मांजरानं उडी मारली रे, म्हणा पुढं. मालन चौगुले, अंगणवाडी सेविका. तिने अर्ज केले, तोंडी सांगितलं, तुमच्या आधीच्या साहेबांच्या गाडीपुढे उभी राहिली. शेवटी माझी कादंबरी वाचून तिने पुढच्या दोन खांबांपैकी डाव्या खांबावर सुपाएवढा डोळा काढला. भरदुपारी. पोरांना झोपवून.

"त्या बाईचं नाव माझ्याकडे आहे," तुम्ही केबिनमध्ये म्हणालात. "सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण. मानधनावर आहे ती. वर एक पत्र गेलं की विषय संपला. मला तसं करायचं नाही."

"मग टाकीचं करा."

"टाकीची फाइल तांत्रिक मंजुरीला आहे."

"पोरं मंजुरीखाली बसत नाहीत, टाकीखाली बसतात."

तुम्ही पाणी प्यायलात. मग समजुतीच्या आवाजात तोडगा सांगितलात. स्वच्छता पंधरवड्याचं उद्‌घाटन टाकीपाशी घेऊ. लेखिकेने स्वतः येऊन त्या डोळ्यावर चुना फिरवावा आणि वाचकांना आवाहन करावं की कल्पना पुस्तकात ठेवा, भिंती स्वच्छ ठेवा. मालनवर कारवाई होणार नाही. पालिकेच्या सगळ्या शाळांना माझं पुस्तक जाईल.

मी उत्तर द्यायच्या आधी तुमच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. तिथे तुमचे फोटो होते. एकात हातात कात्री, एकात नारळ, एकात खोरं, एकात क्रिकेटची बॅट, एकात कुणाचं तरी बाळ. प्रत्येक फोटोत कुणीतरी तुमच्या हातात काहीतरी दिलेलं होतं आणि तुम्ही ते घेऊन कॅमेऱ्याकडे बघत होतात. कात्री कुठली, खोरं कशाचं, बाळ कुणाचं, तुम्ही विचारलं नसणार. विचारायची पद्धत नसते.

"येते," मी म्हटलं.

गावात ही बातमी माझ्या आधी पोहोचली. वाचनालयातल्या पुस्तकावर संध्याकाळपर्यंत नवा शेरा पडला, "लेखिका विकली गेली." दस्तगीरभाई कारखान्याच्या दारात आले, आत आले नाहीत. म्हणाले, तुळसाने असं केलं असतं तर मी पुस्तक खिडकीतून फेकलं असतं. मी त्यांना म्हटलं, उद्‌घाटनाला या आणि ज्यांनी ज्यांनी वाचलंय त्यांना घेऊन या, मला शिव्या द्यायला माणसं लागतील. 

मालन मात्र आत येऊन बसली. मी आखणी करत होते. आखणी चालू असताना कारखान्यात कुणी बोलत नाही, ती बोलली.

"अक्का, माझ्यासाठी पुसायलीस व्हय?"

"तुझ्यासाठी नाही."

"मग कुणासाठी? त्या माणसासाठी?" ती पदराने मान पुसत म्हणाली. "बघ, मला काढलं तर मी भाकऱ्या करून विकीन. माझ्या भाकरीला मरण न्हाई. पण माझ्या जागी दुसरी बाई येईल ती पोरांना त्याच टाकीखाली बशिवणार. ती नवी असणार. तिला आवाज वळखू यायचा न्हाई, पोपडा कुठला आणि सळी कुठली."

"तुला ओळखू येतो?"

"मला झोपंत येतो."

मी मूर्तीचा उजवा डोळा पुरा केला. मग तिला म्हटलं, "उद्या पोरांना बाहेर अंगणात बसव. आणि उजव्या खांबाला पांढरा हात दे. नीट, वाळलेला पाहिजे."

 ती कादंबरी तिने तीनदा वाचली होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "त्यानं वाचलेली न्हाई ना? नक्की?"

"पुस्तकाचा कणासुद्धा मोडला नाही."

उद्‌घाटनाला गर्दी झाली. मंडप, खुर्च्या, नगरसेवक, शाळेचा बँड. टाकीपासून लांब उन्हात मालन पोरांना घेऊन बसली होती. मागे माझे वाचक उभे होते, आणि त्यांचे चेहरे लग्नात वरपक्षाने मान न दिलेल्या पाहुण्यांसारखे होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. तुम्ही भाषण केलंत. शहर आपलं घर आहे म्हणालात. मग मला बोलावलंत. खाली चुन्याची बादली ठेवली होती, तिला झेंडूची माळ घातली होती. बादलीला माळ. हे मी कादंबरीत लिहिलं असतं तर समीक्षक म्हणाला असता की अतिशयोक्ती आहे.

मी माईक घेतला. म्हटलं, चुना लावायला माझी ना नाही, मी शब्द दिलाय. पण कुठल्याही कामाचा मुहूर्त शहराच्या प्रमुखाच्या हातून व्हावा. उजव्या खांबावर मी खडूने आखून ठेवलंय. साहेबांनी त्यावर फक्त ब्रश फिरवायचा.

आणि मी तुमच्या हातात ब्रश दिला. माझा स्वतःचा, आखणीचा. शेजारी काळ्या रंगाची वाटी धरली.

फोटोग्राफर पुढे सरकले. तुम्ही ब्रशकडे बघितलंत, कॅमेऱ्याकडे बघितलंत आणि खांबाकडे निघालात.  बँडवाल्यांना कळेना की वाजवायचं का थांबायचं. दस्तगीरभाईंनी टोपी काढून हातात घेतली. ज्यांनी वाचलं होतं ते सगळे एकाच श्वासावर उभे होते, आणि ज्यांनी वाचलं नव्हतं ते तुमच्या बाजूला, खुर्च्यांवर बसले होते.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूने लिहिते, कारण मला खोटं लिहिता येत नाही. तुमचा हात चांगला होता. मला वाटलं होतं, तुम्ही फोटोपुरता एक फराटा माराल. पण पहिली रेषा ओढली आणि तुम्ही थांबलात. ब्रश वाटीच्या काठाला निथळवलात, कुणी न शिकवता. वरची पापणी एका दमात ओढलीत, जाडीकडून बारीकीकडे. माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, "ड्रॉइंगची एलिमेंट्री, इंटरमिजिएट, दोन्हीला ए ग्रेड होती मला. वडिलांनी पुढं जाऊ दिलं नाही."

"बुबुळात उजेडाचा ठिपका सोडा," मी म्हटलं.

"माहीत आहे," तुम्ही म्हणालात. आणि सोडलात.

फोटोग्राफरांचं काम कधीच झालं होतं. तरी तुम्ही काढतच होतात. मालनने काढलेल्या डोळ्यापेक्षा तुमचा कितीतरी सरस होता. तुम्ही दोन पावलं मागे आलात आणि मान कलती करून बघितलंत. त्या क्षणी तुम्ही मुख्याधिकारी नव्हता. मग मागून टाळी पडली. दस्तगीरभाईंची. मग सगळ्यांची. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते. कुणीतरी ओरडलं, काढला रे काढला. तुम्ही हात जोडलेत. तुम्हाला वाटलं, तुमच्या कलेला दाद मिळाली.

तुमच्या स्वच्छता निरीक्षकाने तुमच्या कानात काहीतरी सांगितलं. तुमचा चेहरा बदलला. तेवढ्यात मगदूम सर, जे आयुष्यात कधी वाचनालयाबाहेरही मोठ्याने बोलले नव्हते, ते पुढे आले आणि त्यांनी पुस्तकातला नियम माईकशिवाय वाचून दाखवला. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याने स्वतःच्या हाताने. त्या वस्तूला जे दिसतं ते त्या माणसाला.

तुम्ही माझ्याकडे आलात. "हे ठरवून केलंत."

"हो."

"अहो, गोष्ट आहे ती."

"मग घाबरायचं काय कारण आहे?"

"घाबरतंय कोण?" तुम्ही हसलात, पण ते हसणं केबिनमधलं नव्हतं. "चला, आता तुमचा शब्द पाळा. चुना लावा."

मी बादली उचलली, माळेसकट, आणि तुमच्यापुढे ठेवली. "लावते. पण टाकीला आता दोन डोळे आहेत. माझ्या वाचकाचा मी पुसते. दुसरा तुम्ही काढलाय, तो तुम्ही पुसा. दुसऱ्याच्या आखणीवर मी चुना मारत नाही."

मी चुन्याचा कुंचला तुमच्या हातात दिला. तुम्ही तो घेतलात, कारण हातात दिलेलं घ्यायची तुम्हाला सवय होती. खांबापर्यंत गेलात. कुंचला वर उचललात. चुना तुमच्या बुटावर टपकत होता. किती वेळ उभे होतात ते मी मोजलं नाही. मग तुम्ही कुंचला बादलीत ठेवलात, टाकला नाहीत, ठेवलात, आणि गाडीत जाऊन बसलात. कार्यक्रम आभारप्रदर्शनाशिवाय संपला.

त्या दिवशी आम्ही जिंकल्यासारखे वागलो. पण मला ठाऊक होतं की काहीच झालेलं नाही. टाकी होती तिथेच होती. दुसऱ्या दिवशी पोरं तिच्याखाली बसणार होती. मालनवर पत्र निघणार होतं आणि ते माझ्या आगाऊपणामुळे निघणार होतं. एका साहेबाला एका दुपारी उल्लू बनवलं म्हणजे सिमेंट घट्ट होत नाही.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. ते मालनने दुसऱ्या दिवशी कारखान्यात येऊन सांगितलं, आणि मालन थापा मारत नाही.

त्या सकाळी ती अंगणवाडीचं कुलूप काढायला गेली तर तुम्ही पायरीवर बसला होता. गाडी नाही, शिपाई नाही. दाढी केलेली नव्हती. तिला वाटलं, पत्र हातात द्यायला आलेत. तिने मान ताठ केली आणि म्हणाली, द्या. तुम्ही म्हणालात, काय देऊ? मग तुम्हीच तिला विचारलंत, "रात्री इथं कुणी असतं का?" ती म्हणाली, कोण असणार, साहेब.  तुमचे डोळे लाल होते, झोप न झाल्यासारखे. मग तुम्ही विचारलंत, "पत्र्यावर मागच्या बाजूला एक लहान चप्पल पडली आहे. लाल. पट्ट्यावर बदक आहे. ती कुठल्या पोराची?"

मालन म्हणाली, पत्र्यावर चप्पल कशी असेल, साहेब? तुम्ही म्हणालात, "आहे. बघा."

तिने शेजारून शिडी मागून आणली आणि स्वतः चढली. मागच्या पन्हाळीला लागून चप्पल होती. लाल, रबराची, पट्ट्यावर पिवळं बदक. उन्हाने बदकाचा रंग उडाला होता. एका पोरीची एक चप्पल पावसाळ्याच्या आधी हरवली होती, तिच्या आईने त्यावरून तिला मारलंही होतं. कुणीतरी भांडणात वर भिरकावली असणार. चपलेच्या भोवती सिमेंटचे तुकडे पडले होते, काही मुठीएवढे, काही नारळाएवढे. पत्रा तिथे खाली वाकला होता. मालन शिडीवरून तुम्हाला म्हणाली, साहेब, इथं लई पडलंय. तुम्ही म्हणालात, "माहीत आहे."

बास. त्यानंतर तुम्ही फोन लावलात. पोरांना पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये हलवलंत, त्याच सकाळी, मालन ताट-वाट्या गोळा करायच्या आत. दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली. रिकामी होताना तिच्या पोटाचा एक मोठा ढलपा निखळला आणि पत्रा फोडून आत पडला. जिथे पडला तिथे सतरंजी अंथरलेली होती. तांत्रिक अहवाल त्यानंतर आला, साहेब. आठवड्याने आला. लोकांसमोर अभियंत्यांनीच सांगितलं की साहेबांनी आधी टाकी रिकामी केली, मग आम्हाला कारण विचारलं. मालनवर पत्र कधीच निघालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात टाकी पाडली, तोवर तुमची बदली झाली होती.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. वाचक अजून भांडतात. मगदूम सर निवृत्त झाले तरी म्हणतात की हा निव्वळ योगायोग. दस्तगीरभाई म्हणतात, योगायोगाला बदक दिसत नाही. समीक्षक मंडळी अजून वास्तवाची वाट बघत बसली आहेत. मी यावर आजपर्यंत एक ओळ लिहिली नव्हती. मला श्रेय नको होतं आणि आजही नको आहे. तुम्ही गप्प राहिला असतात तर मीही मरेपर्यंत गप्प राहिले असते. पोरं वाचली, माझं पुस्तक तिथेच संपलं.

पण तुम्ही माईक घेऊन बालिश म्हणालात. ज्यांनी गटारावर, खांबावर, दवाखान्याच्या दारावर वेडेवाकडे डोळे काढले, त्या सगळ्यांना तुम्ही माझ्यासकट बालिश म्हणालात. म्हणून आता विचारते, आणि छापून विचारते.

ती अंगणवाडी खालून बघितली तर पत्र्याची मागची बाजू दिसत नाही. मी उभी राहून बघितलंय, खुर्चीवर चढून बघितलंय. आजूबाजूला सगळी बैठी घरं. उंच एकच गोष्ट होती, ती टाकी, आणि तिची शिडी तुमच्याच लोकांनी पोरं चढतात म्हणून फार पूर्वी कापून नेली होती. त्या आधी तुम्ही अंगणवाडीत एकदाही आला नव्हता. चप्पल तिथे आहे हे मालनला माहीत नव्हतं, जिची चप्पल होती तिलाही माहीत नव्हतं.

मला तुमची माफी नको. खुलासा नको. अहवालाचा जावक क्रमांक तर मुळीच नको. मला एवढंच सांगा, त्या रात्री तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा तुम्हाला ती लाल चप्पल कुठून दिसली?

उत्तर द्या.